इन्व्हर्टर का थांबला, ते आधी त्यालाच विचारा

सदर : घरचं विज्ञान



दोन वर्षांत आमच्या बदनावरच्या गच्च्या बदलल्या. पूर्वी गच्ची म्हणजे पाण्याची काळी टाकी, उन्हाळ्यातलं वाळवण आणि संक्रांतीचे पतंग. आता त्यांच्या जोडीला दक्षिणेकडे तोंड करून बसलेली निळी-काळी पॅनेल आली आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्य घर मुफ्त बिजली योजना सुरू झाली. २ किलोवॉटच्या यंत्रणेला ६०,००० आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला ७८,००० रुपये केंद्राचं अनुदान मिळू लागलं, आणि आपल्या समाजातल्या बऱ्याच घरांनी हा विचार मनावर घेतला. बहुतेक ठिकाणी पुढाकार मुलांचा होता. मुलं पुण्याला, इंदूरला, कोणी परदेशात, आणि आई-बाबा इथे. अर्ज मुलांनी भरला, अ‍ॅपही मुलांच्याच फोनवर आलं, यंत्र मात्र आई-बाबांच्या घरात बसलं.

त्यामुळे होतं काय, की यंत्र थांबलं की फोन मला येतो. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं आहे, आणि निवृत्त शिक्षकाला वेळच वेळ असतो असा सगळ्यांचा समज आहे. फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं : "काका, आमचा सोलरचा इन्व्हर्टर बिघडलाय."

दहापैकी बऱ्याच वेळा तो बिघडलेला नसतो. त्याला काहीतरी पटलेलं नसतं म्हणून तो थांबलेला असतो, आणि का थांबलो हे तो आपल्या परीने सांगतही असतो. आपण ते वाचत नाही. हा लेख खास तुम्हा तरुण मंडळींसाठी आहे. घरापासून लांब बसून, फोनवरून आई-बाबांना कोणते प्रश्न विचारायचे, कोणत्या क्रमाने विचारायचे आणि कुठे थांबायचं, ते आज बघू.

नाव एक, काम वेगळं

आपल्याकडे इन्व्हर्टर म्हटलं की डोळ्यांपुढे बॅटरीवरचा डबा येतो. लाईट गेली की तो पंखे चालवतो. गच्चीवरच्या पॅनेलला जोडलेला ऑन-ग्रिड इन्व्हर्टर नेमका उलटा वागतो. लाईट गेली की तोही थांबतो, भर दुपारी, रणरणत्या उन्हातसुद्धा. "मग याचा उपयोग काय?" असं मला कितीतरी जणांनी चिडून विचारलं आहे.

त्याचं कारण खांबावर चढलेला वायरमन. लाईन दुरुस्त करायला त्याने मागून वीज बंद केलेली असते. अशा वेळी आपल्या गच्चीवरची वीज उलटी त्याच लाईनमध्ये जात राहिली, तर मेलेली समजून त्याने धरलेली तार जिवंत निघेल. म्हणून बाहेरची वीज गेल्यापासून दोन सेकंदांच्या आत इन्व्हर्टरने लाईनमध्ये वीज देणं थांबवलंच पाहिजे, असं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांनी ठरवून दिलं. लाईट परत आल्यावरही तो लगेच सुरू होत नाही. व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी निदान साठ सेकंद स्थिर आहेत अशी खात्री करून मगच जोडला जातो. प्रत्यक्षात बरेच इन्व्हर्टर त्याहून जास्त, काही मिनिटं थांबतात. त्या वेळी पडद्यावर उलटी मोजणी दिसते किंवा 'वेटिंग', 'चेकिंग' असं काही लिहून येतं. आई म्हणते "बंद आहे," पण तो वाट बघत असतो.

हा स्वभाव एकदा समजला की पुढचे प्रश्न सोपे जातात.

फोनवर विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न : किती वाजले आहेत आणि ऊन कसं आहे? सकाळी सहाला किंवा संध्याकाळी सातला शून्य दिसणं हा आजार नव्हे. भारताची प्रमाण वेळ ८२.५ अंश रेखांशाची, आणि बदनावर आहे सव्वापंच्याहत्तरच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं धरली तर आपल्याकडे सूर्य माथ्यावर यायला साधारण साडेबारा वाजतात. वर्षभरात त्यात पाव तास इकडेतिकडे. त्यामुळे तपासणी करायची ती अकरा ते दोनच्या दरम्यान. त्यातही 'कमी' आणि 'शून्य' यांत फरक करा. ढग, धूळ, शेजारच्या टाकीची सावली यांनी वीज कमी होते. गव्हाच्या दिवसांत थ्रेशरचा भुसा उडतो तेव्हा काचेवर चांगलाच थर बसतो, पण त्यानेही उत्पादन घटतं, शून्य होत नाही. भर दुपारी, स्वच्छ उन्हात पूर्ण शून्य असेल तरच पुढे जा.

दुसरा प्रश्न : बाहेरून लाईट आहे का? "हो, पंखा चालू आहे ना," असं उत्तर येईल. त्यावर विश्वास ठेवू नका. घरात बॅटरीचा इन्व्हर्टर असेल तर पंखा त्याच्यावर चालू असतो. मीटर बघायला सांगा. मीटरचा पडदा चालू आहे का, किंवा शेजारी लाईट आहे का? बाहेरची वीजच नसेल तर यंत्र त्याचं काम चोख करतंय. चहा घ्या आणि वाट बघा.

तिसरा प्रश्न : पडद्यावर काय लिहिलंय, दिवा कोणत्या रंगाचा आहे? आई-बाबांना वाचायला लावू नका, फोटो पाठवायला सांगा. इंग्रजी अक्षरं, बारीक ठसा आणि चष्मा दुसऱ्या खोलीत, यात चुकीचा शब्द कळायला वेळ लागत नाही. हा फोटो मात्र यंत्र बंद-चालू करण्याच्या आधी घ्यायचा. पुष्कळ घरांत आधी सगळे खटके पाडून परत लावतात आणि मग मला विचारतात. तोपर्यंत तो संदेश पुसलेला असतो.

चौथा प्रश्न : यंत्र थांबलंय की फक्त अ‍ॅप? तुमच्या फोनवर 'ऑफलाईन' दिसणं म्हणजे वीज बंद असणं नव्हे. घरातलं वाय-फायचं रिचार्ज संपलं, राऊटर बदलला, पासवर्ड बदलला, की अ‍ॅपला माहिती मिळत नाही. वीज मात्र तयार होत राहते. निर्णय अ‍ॅपवर नाही, भिंतीवरच्या पडद्यावर घ्यायचा.

पाचवा प्रश्न : इन्व्हर्टरजवळच्या एसी पेटीतला खटका खाली पडलाय का? एमसीबी पडली असेल तर कोरड्या हाताने, पायात चप्पल घालून, एकदाच वर करायला सांगा. पुन्हा पडली तर दुसऱ्यांदा प्रयत्न नको. पडणारी एमसीबी काहीतरी सांगत असते. जळका वास, पिवळी पडलेली पेटी, चरचर आवाज यांपैकी काहीही असेल तर एकदासुद्धा वर करू नये.

सहावा प्रश्न : तो रोज एकाच वेळी थांबतो का? हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते तो सगळ्यांत महत्त्वाचा. का, ते एका घरात घडलेल्या गोष्टीवरून सांगतो.

जिन्याखालची पेटी

आमच्या गल्लीत एक अण्णा आणि काकू राहतात. अण्णा ७४ वर्षांचे. घराचा पुढचा भाग आजोबांच्या काळचा, सागवानी तुळया आणि लाकडी जिना असलेला. मागे नंतर बांधलेल्या स्लॅबवर ३ किलोवॉटची पॅनेल आहेत. इन्व्हर्टर आणि त्याची एसी पेटी जिन्याखाली, आणि पेटीच्या वरच्या फळीवर काकूंच्या गोधड्यांची चळत. मुलगा पुण्याला नोकरी करतो.

मार्चमध्ये मुलाचा फोन आला. "काका, रोज बारा-तेरा युनिट व्हायचे, आता पाच-सहाच होतात. अ‍ॅपवर दुपारची रेघ सपाट दिसते. सकाळी व्यवस्थित चालतो, अकरा-साडेअकराला थांबतो, मध्येच दहा मिनिटं चालतो, पुन्हा थांबतो. तीननंतर परत छान." संदेश होता 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज'.

इथे थोडं विज्ञान. आपल्या घरातला व्होल्टेज २३० धरतात. तो ११० टक्क्यांच्या वर, म्हणजे २५३ च्या वर गेला की इन्व्हर्टरने बाजूला व्हायचं, हेही त्याच नियमांत आहे. मुलाने यंत्र बसवणाऱ्याच्या माणसाशी आधीच बोलून घेतलं होतं. त्याने फोनवरच निदान केलं : लाईनचा व्होल्टेज जास्त आहे, आम्ही इथून सेटिंगमध्ये मर्यादा वाढवून देतो, पाच मिनिटांचं काम. मुलगा तयार होता. अण्णाही मला म्हणाले, "वाढवूनच टाका सर. उन्हाळा तोंडावर आलाय, कूलर लागेल. रोजचं निम्मं उत्पादन वाया जातंय."

मी म्हटलं, "अण्णा, एक दिवस द्या मला. फक्त दोन आकडे बघायचे आहेत."

दुसऱ्या दिवशी साडेदहाला, यंत्र चालू असताना, अण्णा इन्व्हर्टरसमोर उभे राहिले आणि मी बाहेर मीटरपाशी. बहुतेक डिजिटल मीटरवर बटण दाबत गेलं की एका ठिकाणी व्होल्टेज दिसतो. इन्व्हर्टरच्या पडद्यावरही दिसतो. मी ओरडून विचारलं, "किती?" आतून आवाज आला, "दोनशे एकोणपन्नास!" माझ्यासमोर होते २३८. काकूंनी दोन्ही आकडे कॅलेंडरच्या मागे लिहिले आणि म्हणाल्या, "एकाच घरात अकराचा फरक कसा हो?"

काकूंनी नेमका प्रश्न विचारला होता. लाईनचाच व्होल्टेज जास्त असता तर तो मीटरवरही जास्त दिसायला हवा होता. मीटर आणि इन्व्हर्टर यांच्यामध्ये कुठेतरी हे अकरा व्होल्ट अडकले होते.

शेतात मोटार लावून लांबच्या हौदात पाणी सोडताना पाइप मध्येच चेपला, तर मोटारीपाशी दाब वाढतो. हौदापाशी वाढत नाही. इन्व्हर्टरचंही तसंच. त्याला वीज बाहेर ढकलायची असते. वाटेत अडथळा असेल तर त्याच्या टोकाला व्होल्टेज चढतो. सकाळी करंट कमी, म्हणून चढ कमी. दुपारी करंट वाढला की चढ वाढतो आणि २५३ ओलांडतो. म्हणून तो भर उन्हातच थांबत होता.

त्या वेळी यंत्रातून साधारण ९ अ‍ॅम्पिअर जात होते. ९ गुणिले ११, म्हणजे जवळजवळ १०० वॉट. जुन्या काळचा शंभराचा बल्ब आठवतो का? हात लावला तर चटका बसायचा. तेवढी उष्णता त्या घरात कुठेतरी, कदाचित एका स्क्रूएवढ्या जागेत, रोज तयार होत होती. चांगल्या जाडीच्या तारेत पंधरा-वीस मीटरच्या अंतरात एवढ्या करंटला एक-दोन व्होल्टचा फरक पडतो. अकराचा पडत नाही.

मी अण्णांना आधी एसीचा आणि मग डीसीचा स्विच बंद करायला लावला. काकूंनी गोधड्या हलवल्या. संध्याकाळी, ऊन गेल्यावर, परवाना असलेला इलेक्ट्रिशियन आला. त्याने मीटरकडून येणारी वीज बंद करून पेटी उघडली, बॅटरीचा उजेड आत टाकला आणि म्हणाला, "सर जी, ये तो पक गया है." न्यूट्रलच्या स्क्रूखाली तारेच्या सुट्या लडी थिंबल न लावताच दाबलेल्या होत्या. गरम-थंड होऊन स्क्रू सैल झाला होता, तारेवरचं आवरण करपून तपकिरी झालं होतं आणि पेटीच्या प्लॅस्टिकला आतून फोड आले होते. वर लाकडी जिना.

जळका भाग कापला, नवा टर्मिनल बसवला, थिंबल लावून स्क्रू आवळला. अर्ध्या तासाचं काम झालं. दुसऱ्या दिवशी साडेदहाला आकडे आले : आत २४०, बाहेर २३८. दुपारभर यंत्र एकदाही थांबलं नाही, आणि पेटी पूर्वीच्याच जागी असली तरी गोधड्या आता वरच्या खोलीत गेल्या आहेत.

मर्यादा वाढवली असती तर?

तर यंत्र सुरू झालं असतं. अ‍ॅपवरची रेघ पुन्हा डोंगरासारखी दिसली असती, सगळे खूष झाले असते. आणि त्याच सैल स्क्रूमधून भर दुपारचा पूर्ण करंट रोज पाच-सहा तास वाहत राहिला असता.

तुम्ही म्हणाल, एमसीबी आहे ना. एमसीबीला कळतो तो करंट. दहा-अकरा अ‍ॅम्पिअर हा तिच्या दृष्टीने नेहमीचा करंट, ती कशाला पडेल? आरसीसीबीला कळते ती जमिनीकडे होणारी गळती. इथे गळती नव्हती. सैल जोडाची उष्णता या दोघींना दिसत नाही. त्या घरात ती ओळखणारी एकच गोष्ट होती : इन्व्हर्टरचं ते रोजचं थांबणं. तेच बंद करायला आपण निघालो होतो.

सेटिंगमधले हे आकडे आपल्या एकट्याच्या मालकीचेही नसतात. जर्मनीत सुरुवातीच्या काळातले घरांवरचे इन्व्हर्टर फ्रिक्वेन्सी ५०.२ हर्ट्झला पोचली की सगळे एकदम बंद होतील असे बसवलेले होते. एक-दोन घरांचं काही बिघडत नाही. पण घरं लाखोंनी वाढल्यावर लक्षात आलं, की हे सगळे एकाच क्षणी थांबले तर देशाचंच वीजजाळं डळमळेल. शेवटी २०१२ मध्ये खास नियम काढून जुन्या यंत्रणांची सेटिंग बदलून घ्यावी लागली. म्हणून कोणी फोनवर "मर्यादा वाढवून देतो" म्हणालं, तर त्याला विचारा : मीटरवर किती व्होल्टेज आहे ते बघितलंत का? वीज कंपनीची परवानगी आहे का? हे लेखी द्याल का?

प्रत्येक वेळी दोष घरातच असतो असंही नाही. दोन्ही आकडे घेतले आणि मीटरवरच २५० दिसले, तर व्होल्टेज खरोखर बाहेरूनच जास्त येतोय. घरगुती पुरवठ्यात २३० च्या सहा टक्के वर-खाली, म्हणजे साधारण २१६ ते २४४, हे चालण्यासारखं मानलं जातं. त्याच्या बाहेर असेल तर तीन दिवस एकाच वेळी मीटरचे फोटो काढा आणि १९१२ वर तक्रार नोंदवा. "व्होल्टेज जास्त येतो" या तक्रारीपेक्षा "१२, १३, १४ तारखेला दुपारी साडेबाराला २५१, २५२, २५० होता" या तक्रारीला वजन असतं.

पावसाळ्यातला सातवा प्रश्न

रात्री पाऊस किंवा दव पडलं होतं का? काही घरांत यंत्र सकाळी 'आयसोलेशन फॉल्ट' किंवा 'लो इन्सुलेशन' असा संदेश देतं आणि दहा-अकराला आपोआप सुरू होतं. मग सगळे म्हणतात, "झालं की नीट." ते नीट झालेलं नसतं, वाळलेलं असतं. पॅनेलकडून येणाऱ्या तारेचं आवरण कुठेतरी फाटलंय, किंवा जोडणीच्या कनेक्टरमध्ये पाणी जातंय. उंदीर आणि खारी तारा कुरतडतात, माकडं ओढतात, आणि नुसतं पत्र्याच्या धारेवर घासूनही आवरण जातं. अशा वेळी पॅनेलच्या लोखंडी सांगाड्यातही वीज उतरलेली असू शकते. वाळवण घालायला त्याच गच्चीवर जाणाऱ्या आईला हे आधी सांगा : सांगाड्याला हात लावायचा नाही, ओले कपडे त्यावर टाकायचे नाहीत. आणि दुरुस्तीला माणूस बोलवा. संदेश आपोआप गेला तरी बोलवा.

इथे थांबायचं

आता तुमच्यातल्या हौशी मंडळींसाठी. सुट्टीत घरी आलात, स्क्रू ड्रायव्हर हातात आहे, यूट्यूबवर व्हिडिओ बघितलाय. तरी गच्चीवरच्या तारांना हात लावायचा नाही. त्याची दोन कारणं आहेत.

एक, पॅनेलला बंद करायचा स्विच नसतो. खालचे सगळे खटके पाडले तरी जोवर ऊन आहे तोवर पॅनेलच्या तारेत व्होल्टेज असतोच. साडेपाचशे वॉटच्या आसपासची सहा पॅनेल एकामागोमाग जोडली की साधारण ३०० व्होल्ट होतात.

दोन, ही वीज डीसी असते. आपल्या घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे स्विच काढताना उडालेली ठिणगी विझायला तिला संधी मिळते. डीसी शून्यावर येतच नाही. करंट चालू असताना पॅनेलचा कनेक्टर ओढला, तर ठिणगीची ज्योत होते आणि ती हात मागे घेतला तरी जळत राहू शकते. म्हणून कनेक्टर चालू यंत्रणेत कधीही ओढायचा नाही.

बंद करायचंच असेल तर क्रम पाठ करा : आधी एसीचा स्विच, मग डीसीचा. त्यानंतर पाच मिनिटं यंत्राला हात नाही, कारण आत साठलेली वीज उतरायला वेळ लागतो. सुरू करण्याचा क्रम तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत दिलेला असतो, तोच पाळा. पेटी उघडणं, तारा सोडवणं, स्क्रू आवळणं हे काम परवाना असलेल्या माणसाचं. योजनेतून यंत्रणा बसवली असेल तर पहिली पाच वर्षं देखभालीची जबाबदारी बसवणाऱ्यावर असते. करारपत्र शोधून ठेवा आणि तक्रार फोनवर न करता लिहून करा. त्याला सांगा, "वर्षातून एकदा सगळे जोड तपासून, आवळून द्या." आपण गच्चीवर जायचं ते फक्त काच धुवायला, तेही सकाळी लवकर. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका.

घराघरात करायची तीन कामं

हे सगळं वाचून फोन बाजूला ठेवण्याआधी तीन गोष्टी करा.

पहिली, अ‍ॅप एकट्याच्या फोनवर ठेवू नका. भावंडांपैकी दोघांकडे तरी हवं, आणि आठवड्यातून एक दिवस ठरवून बघायचं. ३ किलोवॉटच्या यंत्रणेतून चांगल्या उन्हात दिवसाला साधारण बारा युनिट येतात. पावसाळ्यात कमी होतील, ते ठीक. पण स्वच्छ उन्हाच्या आठवड्यात ते निम्म्यावर आले, तर बिल येईपर्यंत थांबू नका.

दुसरी, यंत्र नीट चालत असतानाच दुपारी साडेबाराला दोन आकडे घ्या : इन्व्हर्टरवरचा व्होल्टेज आणि मीटरवरचा व्होल्टेज. तारीख घालून पेटीच्या झाकणावर कागद चिकटवा. दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा घ्या. फरक दोन-तीनच्या आत आहे तोवर काळजी नाही. तो वाढत चालला तर कुठेतरी जोड सैल होतोय. याला एक पैसा लागत नाही आणि एकही झाकण उघडावं लागत नाही. आई-बाबांपैकी एक आत, एक बाहेर, आणि तुम्ही फोनवर.

तिसरी, इन्व्हर्टरच्या आसपासची जागा मोकळी करायला सांगा. वर फळी नको, खाली वर्तमानपत्रांचा गठ्ठा नको, बाजूला गोधड्या नकोत. यंत्रालाही हवा लागते.

येत्या रविवारी घरी फोन कराल तेव्हा तब्येतीची, पाण्याची, भाजीच्या भावाची चौकशी झाली की एवढंच म्हणा : "बाबा, जरा इन्व्हर्टरसमोर उभे राहा आणि काय लिहिलंय त्याचा फोटो पाठवा." आकडे आले की मलाही जरूर कळवा. कोणाच्या घरी किती फरक निघतो, ते पुढच्या अंकात मांडू.